गिरणीतली नायिका लिहिताय? आधी एवढं बघा

ताई, जुन्या मुंबईतल्या गिरणीकामगार बाईची गोष्ट लिहायचा विषय झकास आहे. पण सुरुवातच १८५४ च्या ताडदेवच्या, म्हणजे मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीच्या इतिहासाने नको, वाचक पळतो. नायिकेला सरळ रिळिंग खात्यात (सुताच्या लड्या करायच्या विभागात) उभी करा. मुंबईच्या गिरण्यांत बायका मुख्यतः तिथे आणि वाइंडिंगला (सूत गुंडाळायच्या कामाला) असत. मजुरी जेवढं काम तेवढी आणि डोक्यावर नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादमीण. तिची मर्जी गेली की काम गेलं. अर्धं कथानक इथेच सापडेल!

नवखे हमखास चुकतात ते:
- १८८० च्या गिरणीत विजेचे दिवे. तेव्हा काम उजाडल्यापासून अंधारेपर्यंत.
- १८९० आधीच रविवारची सुट्टी.
- नायिकेच्या तोंडी आजची भाषणं. (हो, १८९० मध्ये महालक्ष्मीला भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या होत्या. तरी जपून.)

बोलीभाषा, प्लेग, संप नंतर बघू. आधी तिचा खात्यातला एकच दिवस लिहून काढा.