चटचट आवाज नेमका कुठला?

प्रश्न : आमच्याकडे तीन सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर आहे. सकाळी चालू केल्यावर इंजिनाच्या एका बाजूने सलग चटचट असा आवाज येतो. रेस वाढवली की तो वाढतो आणि इंजिन तापले की बराच कमी होतो. सायलेन्सरही गंजला आहे. एका मेकॅनिकने बेअरिंग गेल्याचे सांगून इंजिन उघडायला सुचवले, तर दुसऱ्याच्या मते टॅपेट लावून घेतले की पुरे. काय करावे?

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे इंजिन तापल्यावर आवाज कमी होणे. बेअरिंगचा आवाज सहसा याच्या उलट वागतो. तेल तापून पातळ झाले की तो अधिक ठळक होतो, लोड आल्यावर जड खटखट ऐकू येते आणि ऑइल प्रेशरही खाली येऊ लागते. आपल्या ट्रॅक्टरवर यातले काही नसेल, तर इंजिन उघडण्याची घाई करू नये. थंडपणी जोरात आणि तापल्यावर मंद, हे लक्षण बहुधा एग्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर सायलेन्सरकडे नेणारा ओतीव भाग) आणि हेड (सिलिंडरांवरचे झाकण) यांच्यामधून वायू फुटत असल्याचे असते, कारण तापल्यावर ओतीव लोखंड प्रसरण पावते आणि फट काही प्रमाणात बुजते.

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतील फट वाढल्याचा, संशय येणे मात्र स्वाभाविक आहे. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, त्यामुळे गळतीचा ठोका आणि सैल टॅपेटचा ठोका एकाच लयीत पडतात आणि नुसत्या कानाने फसगत होते. दोन्ही वेगळे करण्यासाठी इंजिन आयडलवर ठेवून एकेका नॉझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचा नट किंचित सैल करावा, म्हणजे त्या सिलिंडरमधील ज्वलन थांबते. गळतीचा आवाज तेवढ्यापुरता एकदम मवाळ होतो. टॅपेटचा आवाज जवळपास तसाच राहतो. या ठिकाणी डिझेल प्रचंड दाबाने येत असल्याने चष्मा आणि हातमोजे घालावेत, बोटे सांध्याजवळ नेऊ नयेत, आणि सवय नसेल तर हे काम जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावे. त्यानंतर हातभर लांबीची रबरी नळी कानाशी धरून तिचे दुसरे टोक मॅनिफोल्डच्या सांध्यावरून हळूहळू फिरवावे. फॅन आणि बेल्टपासून मात्र दूर राहावे. जिथे वायू फुटत असेल तिथे आवाज एकदम फटफट असा स्पष्ट होतो, आणि बहुतेक वेळा त्याच जागी हेडवर काजळीचा काळा, पंख्यासारखा पसरलेला डाग दिसतो. असा डाग सापडला की पुढची चर्चा संपली असे मी मानतो. या सर्व तपासण्या मोकळ्या हवेतच कराव्यात. बंद शेडमध्ये धूर जीवघेणा ठरतो.

गळती सापडली की त्या सांध्यातले गॅस्केट (वायू अडवणारे पातळ पॅकिंग) बदलावे लागते. नवे गॅस्केट बसवणे हे काम सोपे आहे. जुने स्टड (हेडमध्ये बसवलेले, नट लावायचे आट्यांचे दांडे) न तुटता नट निघणे हे खरे अवघड. आदल्या संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारे तेल सोडावे. सकाळी पाना लावल्यावर नट थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट असा मागेपुढे फिरवत काढावा. नुसता जोर लावला तर स्टड हेडच्या तोंडाशीच तुटतो. नट हटतच नसेल तर टॉर्चने नटच गरम करता येतो, पण डिझेलच्या नळ्या, टाकी आणि वायरिंग जवळ असताना तो प्रयोग मी सुचवणार नाही. स्टड तुटलाच, तर तो बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करावा लागतो. ड्रिल तिरके गेले तर हेडमधील आटे जातात, म्हणून ते काम मशीन शॉपला देणेच श्रेयस्कर.

मॅनिफोल्ड उतरल्यावर जुने गॅस्केट कोरडे खरवडू नये. जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते ओले करून काढावे आणि धूळ श्वासात जाऊ देऊ नये. मग मॅनिफोल्डच्या फेसवर (हेडला टेकणाऱ्या सपाट बाजूवर) लांब सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) सरकवून पाहावे. दोन टोकांना पट्टी टेकली आणि मध्ये गेज शिरले, तर मॅनिफोल्ड वाकला आहे. तो फेस मशीनवर सपाट करून न घेता कितीही चांगले गॅस्केट घातले तरी ते लवकरच पुन्हा फुटते. बरेच जण इथेच पैसे वाचवतात आणि तेच काम दुसऱ्यांदा करतात. तडा आहे का, हेही याच वेळी पाहावे.

बसवताना गॅस्केटला गोंद किंवा सिलिकॉन लावू नये. स्टडच्या आट्यांना उष्णता सहन करणारी अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावावी आणि नट मधून सुरुवात करून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळावेत. इंजिन एकदा चांगले तापून पूर्ण थंड झाले की तोच टॉर्क पुन्हा तपासावा. एवढे करूनही टकटक उरली, तर मग टॅपेटचे क्लिअरन्स (फट) मॅन्युअलप्रमाणे लावावे.

प्रश्न : गंजलेल्या सायलेन्सरला पत्रा वेल्डिंग करून चालेल का?

उत्तर : एखादे भोक चांगल्या जाड पत्र्यात असेल तर चालेल. पण स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आत जात असेल, तर वेल्डिंगची कड जिथे संपते तिथेच तो पुन्हा फाटतो; आतली जाळी सुटून खडखडत असेल तर वेल्डिंगचा उपयोगच नाही. नवा सायलेन्सर घेताना पाइपचा आतील व्यास मूळ मापापेक्षा कमी नसावा, अन्यथा वायू अडून धूर आणि उष्णता वाढते. उभा सायलेन्सर असेल तर वरचे झाकणही तपासावे. ते अडकून उघडे राहिले आणि ट्रॅक्टर पावसात उभा असला, तर पाणी पाइपमधून उतरून उघड्या व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये जाऊ शकते, आणि तसेच स्टार्टर मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकण्यापर्यंत वेळ येते.