वाचक विचारतात : पडद्यावरच्या मैत्रिणी

प्रश्न : चित्रपटातल्या मैत्रिणी खऱ्या आहेत की नायिकेची सोबत म्हणून ठेवल्यात, हे ओळखायला ‘बेक्डेल चाचणी’ लावतात असं वाचलं. ती आपल्या चित्रपटांना लागू पडते का? (सांगली)

उत्तर : ही चाचणी अमेरिकी व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ सालच्या एका व्यंगचित्रपट्टीतून आली. चित्रपटात किमान दोन स्त्रिया आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का, एवढंच त्यात पाहतात. त्या स्त्रियांना नाव असावं, ही अट पुढे जोडली गेली. चाळणी म्हणून ती उपयोगी आहे, पण तिच्यावरून निकाल देऊ नका. ‘डोर’ (२००६) पाहा. झीनतला नवऱ्याचा जीव वाचवायला मीराची माफीनाम्यावर सही हवी आहे, कारण मीराच्या नवऱ्याच्या मृत्यूसाठी त्यालाच दोषी धरलंय. सगळी कथा दोन नवऱ्यांभोवती फिरते, तरी आपल्याकडच्या इतक्या जिवाभावाच्या मैत्रिणी मोजक्याच चित्रपटांत सापडतील. म्हणून आम्ही चौथा प्रश्न जोडतो : हिच्यासाठी तिनं स्वतःचं काय पणाला लावलं?

प्रश्न : दोन मैत्रिणींवर पंधरा मिनिटांचा लघुपट करतोय. संहिता वाचून सगळे म्हणतात, ‘छान आहे, पण त्या मैत्रिणी वाटत नाहीत.’ काय चुकत असेल? (कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक वेळा चूक संवादात असते. ‘आपण शाळेपासून एकत्र आहोत ना,’ असं मैत्रिणी एकमेकींना सांगत बसत नाहीत. ते वाक्य प्रेक्षकासाठी लिहिलेलं असतं, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं. दोघींना आधीच ठाऊक असलेली गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. पंधरा मिनिटांची संहिता साधारण पंधरा पानांची होते. दर पानावर अशा दोन-तीन रेघा पडत असतील, तर दुखणं सापडलं.

मग कागदाचे दोन भाग करा आणि या लघुपटात कुणाला काय हवंय ते लिहा. मैत्रीण सोडून दुसरं काही असलं पाहिजे : नोकरी, खोली, आईची औषधं, काहीही. एका बाजूला लिहायला काही सुचत नसेल, तर ती मैत्रीण नाही, नायिकेचं मन मोकळं व्हावं म्हणून बसवलेली श्रोता आहे.

पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ (२०२४, कान महोत्सवात ग्राँ प्री) या दृष्टीने पुन्हा पाहा. प्रभा आणि अनू या मुंबईत एकाच खोलीत राहणाऱ्या मल्याळी परिचारिका. अनूला भाड्यातला आपला वाटा देणं जमत नाही, आणि ती प्रभाकडे शब्द टाकते. प्रभाला अनूचं प्रेमप्रकरण पटत नाही, ती तिला लागेल असं बोलतेही. रुग्णालयात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीचं (छाया कदम) घर कागदपत्रांअभावी जायला लागतं, तेव्हा प्रभा तिच्याबरोबर रात्री बिल्डरच्या फलकावर दगड मारते, आणि पुढे प्रभा आणि अनू तिला रत्नागिरीकडच्या गावी पोचवायला जातात. ‘तू माझी मैत्रीण आहेस’ असं कुणी म्हणत नाही. भाडं, दगड आणि सामान यांतूनच ते कळतं. तुमच्याही दोघींना एखादं हाताने करायचं काम द्या आणि संवाद त्या कामाच्या आडून येऊ द्या. त्यांचं एकदा तरी बिनसू द्या, आणि समेट माफी मागून न होता एखाद्या कृतीतून होऊ द्या.

आता चित्रीकरण. सुरुवातीपासून आळीपाळीने एकेकीचे क्लोजअप लावले, की दोघी एकाच खोलीत आहेत हेच जाणवत नाही. दोघींना एका चौकटीत घेणारा टू-शॉट आधी घ्या, अख्खा प्रसंग त्यात न थांबता होऊ द्या, आणि क्लोजअप त्या दुरावतात त्या क्षणासाठी राखून ठेवा. मैत्रिणी एकमेकींचं बोलणं तोडत बोलतात. ते टू-शॉटमध्ये हवंच. सिंगल (एकेकीचा वेगळा शॉट) घेताना मात्र चौकटीबाहेरच्या अभिनेत्रीला वाक्य संपेपर्यंत थांबायला सांगा. आवाज एकमेकांत मिसळले तर संकलनात त्या जागी कापता येत नाही. दोघींना वेगळे लेपल माइक (कपड्याला लावायचे छोटे माइक) लावा आणि ते वेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करा.

प्रश्न : कणखर नायिका म्हटली की ती एकटीच का असते? (पणजी)

उत्तर : लिहायला ते सोपं जातं, म्हणून. ‘उंबरठा’मधल्या (१९८२) सुलभाचं एकटेपण हाच त्या कथेचा गाभा होता, त्यामुळे तिथे ते शोभतं. नंतर अनेकांनी एकटेपण तेवढं उचललं. ‘मिर्च मसाला’त (१९८७) मिरचीच्या कारखान्यातल्या बाया आधी भीतीपोटी, सुभेदारापासून पळून तिथे आसऱ्याला आलेल्या सोनबाईलाच त्याच्याकडे जा म्हणतात. म्हणूनच शेवटी त्या सुभेदारावर तिखट उधळतात तेव्हा ते पटतं. ‘झिम्मा’तही (२०२१) सात जणी लंडनच्या सहलीला निघतात त्या बहुतेक परक्या म्हणूनच, आणि हळूहळू एकमेकींच्या होतात.

प्रश्न : वाचनालयात महिलांसाठी असा चित्रपट दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी? (नाशिक)

उत्तर : ओटीटीची वर्गणी घरगुती वापरासाठी असते, सभागृहासाठी चालत नाही. निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्या. मुली येणार असतील तर प्रमाणपत्र तपासा : ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला (२०१७) ‘ए’ आहे. उपशीर्षकं असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट उंच ठेवा, नाहीतर मागच्यांना पुढची डोकीच दिसतात. प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर विसंबू नका. पंख्याच्या घरघरीत संवाद विरतात. दोन वेगळे स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्यांपेक्षा उंच लावा. नंतरच्या चर्चेला चाळीस मिनिटं ठेवा आणि ‘कसा वाटला?’ असं विचारू नका, ‘छान’वर गाडी थांबते. एकच प्रसंग निवडून विचारा : इथे तुम्ही हिच्या जागी असता, तर मैत्रिणीकडे काय मागितलं असतं?