फोर्कवर १००, माझ्या वहीत ३८

प्रश्न : सर, मी बारावीला आहे. मेल्डेचा प्रयोग केला (कंप पावणाऱ्या ट्यूनिंग फोर्कला, म्हणजे धातूच्या दुहेरी काट्याला, दोरा बांधायचा, दुसरं टोक पुलीवरून सोडून वजनाचं पॅन लटकवायचं आणि दोऱ्यावर उठणारे फुगवटे, म्हणजे लूप, मोजून फोर्कची वारंवारता काढायची), फोर्कवर १०० हर्ट्झ छापलंय आणि माझं उत्तर येतंय ३८. दोरा १० मीटरला ४ ग्रॅम, पॅन १० ग्रॅमचं, त्यात १५ ग्रॅम वजन, फोर्क पॅरलल पोझिशनमध्ये, १ मीटरमध्ये ४ लूप. तीनदा केलं तरी तेच. मैत्रिणी म्हणतात आकडा जुळवून टाक. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अगं जुळवू नकोस, तुझं रीडिंग चांगलंय, घोळ हिशोबात आहे आणि तोही दोन ठिकाणी. पहिला पॅनचा. दोऱ्याला काय माहीत वजन कुठलं नि पॅन कुठलं, त्याला खाली २५ ग्रॅम लटकलेत एवढंच कळतं, तू नुसते १५ धरलेस. ०.०२५ किलो गुणिले ९.८, ताण आला ०.२४५ न्यूटन. दोरा मीटरला ०.०००४ किलो, त्यानं ताणाला भाग, वर्गमूळ काढ, वेग आला सेकंदाला २४.७५ मीटर. एक लूप म्हणजे अर्धी तरंगलांबी, तुझा लूप २५ सेंमीचा म्हणजे तरंगलांबी अर्धा मीटर, वेगाला त्यानं भागलं की ४९.५ हर्ट्झ.

आता म्हणशील हे तर निम्मंच! बरोबर, हाच दुसरा घोळ, कारण ही वारंवारता दोऱ्याची झाली, फोर्कची नाही. पॅरलल पोझिशनमध्ये फोर्क दोऱ्याला वरखाली ढकलतच नाही, पुलीकडे जातो-येतो आणि दोरा नुसता सैल-ताठ करतो. नागपंचमीला झोक्यावर उभं राहून झोका चढवलायस ना? झोका एकदा जाऊन परत येईस्तोवर आपण दोनदा उठतो-बसतो, तसंच इथं दोऱ्याचं एक कंपन होईस्तोवर फोर्कची दोन होतात (मेल्डेनं हे १८५९ मध्येच दाखवलेलं). म्हणून दुप्पट कर, ९९. तीन वेळा केल्याचं चीज झालं की.

पटत नसेल तर वजनाला हात न लावता फोर्क ९० अंशात फिरव, ४ चे ८ लूप होतील, कारण आता दोरा फोर्कच्याच चालीनं हलतो, दुप्पट करायची भानगडच नाही.

आणि हो, फोर्कजवळचा लूप मोजू नकोस, तिथं दोऱ्याचं टोक स्वतःच हलत असतं, निस्पंद (दोरा स्थिर राहतो तो बिंदू) नेमका सापडत नाही. मधले दोन-तीन लूप मोजून सरासरी काढ. तू टोकापासून टोकापर्यंत पट्टी लावली असशील तर उरलेला तो १ हर्ट्झ बहुतेक तिथंच सांडला असेल.