जहाजावरचा पगार थकलाय, काय करू?

प्रश्न : नमस्कार दादा, आमचे मिस्टर टँकरवर ऑइलर (इंजिनरूममधले खलाशी) आहेत. जहाज शारजाच्या बाहेर नांगर टाकून उभंय आणि तीन महिने झाले घरी पैसे आलेले नाहीत. मालक फोन उचलत नाही, एजंट म्हणतो तक्रार केलीत तर परत कुठल्याच जहाजावर घेणार नाहीत. मिळेल त्यावर सही करून घरी या म्हणून सांगू का? - एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, तेवढं मात्र सांगू नका. 'सगळा हिशोब मिळाला' असल्या कागदावर सही केली की पगार गेलाच समजा. खलाशाच्या पगाराचा हक्क थेट जहाजावर असतो, उद्या कोर्टाने जहाज विकायला काढलं तर साधारणपणे बँकेच्या कर्जाआधी पगार चुकता होतो, मग तो आपणहून कशाला सोडायचा?

मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन म्हणून खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, बरीच जहाजं जिथे नोंदवतात ते पनामा, लायबेरिया आणि आपला भारत, सगळ्यांनी मान्य केलेला. त्यात दोन महिने पगार नाही म्हणजे मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडलं असंच धरतात. मिस्टरांना सांगा, जहाजावर सगळ्यांना दिसेल असं इन्शुरन्सचं एक सर्टिफिकेट लावलेलं असतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा. त्यावर कोणाला कळवायचं ते लिहिलेलं असतं, आणि मालक बुडाला तरी चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, जेवणपाणी, घरी यायचा खर्च त्यातूनच मिळतो. सोबत कॉन्ट्रॅक्टची कॉपी जोडून मुंबईला डीजी शिपिंगकडे (जहाज वाहतुकीचं सरकारी खातं), नुसी या खलाशांच्या युनियनकडे आणि आयटीएफला (वाहतूक कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना) मेल टाका, तिन्हीकडे एकदमच टाका, एकेकाची वाट बघत बसू नका.

एजंटचं काय मनावर घेताय, खलाशाला काम मिळू नये म्हणून याद्या ठेवायला त्याच करारात बंदी आहे. नोकरी लावून द्यायचे पैसे घेतले असतील तर तेही बेकायदेशीर, तक्रारीत लिहाच.

अजून एक, कोर्टाचा किंवा पोर्टचा कागद न समजता सही करायचा नाही. २०१७ ला इजिप्तमध्ये एमव्ही अमान जहाज अडकवलं, कॅप्टन किनाऱ्यावर होता म्हणून मोहम्मद आयशा या सीरियन चीफ ऑफिसरला कोर्टाने जहाजाचा लीगल गार्डियन, म्हणजे जहाज सोडून जाता येणार नाही असा कायदेशीर राखणदार, करून टाकलं. बाकीचे हळूहळू घरी गेले आणि हा बिचारा एप्रिल २०२१ पर्यंत तिथेच, शेवटी तर एकटा, जहाजावर लाइट नाही, मोबाइल चार्ज करायला पोहत किनाऱ्यावर जायचा. आयटीएफचा माणूस त्याच्या जागी गार्डियन झाला तेव्हा कुठे सुटला.

प्रश्न : शिपवाल्यांना पगार डॉलरमध्ये, मग त्यांच्या वेलफेअरचं एवढं कौतुक कशाला?

उत्तर : वरचं पत्र वाचलंत ना? जगातला ८० टक्क्यांहून जास्त माल हीच माणसं नेतात, आणि २०२० मध्ये जवळपास ४ लाख जण कॉन्ट्रॅक्ट संपूनही समुद्रात अडकले, कारण कोविडमुळे बंदरांनी त्यांना उतरूच दिलं नाही. तुमच्या घरचा गॅस आणि खाद्यतेल मात्र तेव्हाही येत होतं.