अमेरिकेतील पोलिश शेतकरी वस्त्यांमध्ये चर्चला इतके महत्त्व का होते?

टेक्सासमधील पान्ना मारिया हे गाव पाहिले की याचे उत्तर मिळते. फादर लिओपोल्ड मोचिगेम्बा यांनी टेक्सासमधून घरी लिहिलेल्या पत्रांमुळे सायलेशियातील (आजच्या पोलंडमधील एका प्रदेशातील) शेतकरी कुटुंबे १८५४ मध्ये गॅल्व्हेस्टन बंदरात उतरली आणि शेतीची अवजारे, पिसांच्या गाद्या, स्वयंपाकाची भांडी व आपल्या जुन्या चर्चमधील मोठा क्रूस बरोबर घेऊन सान अँटोनियोच्या दिशेने निघाली. डोक्यावर छप्पर नसताना, २४ डिसेंबरला पान्ना मारियाच्या जागी ओकच्या झाडाखाली त्यांनी पहिली मिस्सा (कॅथलिक सामूहिक उपासना) साजरी केली. चर्चची इमारत त्यानंतर उभी राहिली. परक्या मुलखात आपल्या भाषेत प्रार्थना, लग्ने, बाप्तिस्मे आणि पुढे १८६८ मध्ये सुरू झालेली मुलांची शाळा, हे सारे चर्चच्याच आधाराने चालले. सायलेशियन बोली तेथे पिढ्यानपिढ्या टिकली, याचे मोठे श्रेय माझ्या मते याच एकत्र येण्याला आहे.