टीएसएच वाढलाय, मग गोळी कशाला?

प्रश्न : माझं वय ५२. चार वर्षांपासून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. सकाळच्या चहाबरोबर घेते. गेल्या पावसाळ्यापासून हाडांसाठी कॅल्शियम सुरू झालं, तेही त्याच वेळी घेते, म्हणजे विसरायला होत नाही. अलीकडच्या तपासणीत टीएसएच ३.२ वरून ९.६ झालेला निघाला. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘थायरॉइड वाढलाय आणि तू वर त्याचीच गोळी घेतेस?’’ मला पटलं. आठ दिवस गोळी बंद ठेवली. काही त्रास नाही, उलट हलकं वाटतंय. कायमची सोडू का? कोबी-फ्लॉवर आधीच सोडलंय.
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, गोळी उद्या सकाळपासून पुन्हा सुरू करा. कारण सांगते.

जाऊबाईंचा तर्क चुकीचा असला तरी वेडगळ नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पेशंटचा हाच घोळ असतो, आणि त्याला जबाबदार ते नाव आहे : थायरॉइड स्टिम्युलेटिंग हार्मोन, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हेच. ते येतं मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून. आपण टिकली लावतो तिथून सरळ आत, कवटीच्या तळाशी, वाटाण्याएवढी ही ग्रंथी बसलेली असते. थायरॉइड गळ्यात. आरशासमोर मान थोडी वर करून पाण्याचा घोट घ्या. घाटीच्या खाली जे वर सरकून परत येतं, त्यात तीही असते.

या दोघींचं नातं माडीवरच्या सासूचं आणि स्वयंपाकघरातल्या सुनेचं समजा. थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन म्हणजे थायरॉक्सिन, तुमच्या गोळीतही तेच असतं. ते पुरेसं तयार होत असेल तर वरून हाक हळू येते. कमी पडलं की ‘‘अगं, ऐकतेस का?’’ असा आवाज चढतो. तो चढलेला आवाज म्हणजे टीएसएच. तुमचा रिपोर्ट म्हणतोय की खाली काम कमी पडतंय. आणि ही सासू भलतीच तापट आहे. थायरॉक्सिन थोडं घटलं तरी हिचा आवाज कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून तर आम्ही आधी टीएसएच बघतो.

आता ते ‘हलकं वाटणं’. रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. आठ दिवसांत तुम्ही जुन्या शिलकीवर चालत होतात. मी स्वतः अकरा वर्षं हीच गोळी घेतेय. एकदा लेकीकडे पुण्याला गेले आणि बाटली घरीच राहिली. पाच दिवस मजेत गेले, आणि डॉक्टर असूनही मनात आलंच की, ‘लागत नाही की काय आपल्याला?’ लागते. केस गळणं, पोट साफ न होणं, भर उन्हाळ्यात पंखा नको वाटणं हे सगळं सावकाश येतं, आणि आपण ते वयावर ढकलतो.

मग गोळी चालू असताना टीएसएच वाढला कसा? मला पहिला संशय तुमच्या चहाच्या कपावर आणि त्याहून जास्त त्या कॅल्शियमवर आहे. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सोबत गेली तर थायरॉक्सिन आतड्यातच अडकतं, रक्तात पुरतं पोचत नाही. चहा-कॉफीनेही ते कमी शोषलं जातं. पावसाळ्यात कॅल्शियम सुरू झालं आणि पाठोपाठ टीएसएच चढला, हे बरोबर जुळतंय. तेव्हा थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियममध्ये निदान चार तासांचं अंतर हवं. ते दुपारच्या जेवणानंतर घ्या. बाटली गॅसजवळच्या फळीवर ठेवत असाल तर हलवा, उष्णता आणि दमट हवा या गोळीला सोसत नाही.

डोस वाढवायची घाई नको. हे सगळं सुधारून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. त्याआधी केलात तर आकडा स्थिरावलेला नसतो.

कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा. सैंधव मिठाची हौस मात्र जपून. त्यात मुद्दाम घातल्याशिवाय पुरेसं आयोडीन नसतं, आणि घरातल्या मुलांना ते लागतं.

‘कायमची’ या शब्दाची धास्ती तुमच्या पत्रात जाणवली. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी थायरॉइड बंद पडलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षं जगली. तेवढ्यात ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! तुम्हाला एवढीशी गोळी गिळायची आहे. तिची सवय वगैरे लागत नाही. शरीर जे बनवायचं तेच ती भरून काढते.

एक राहिलं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवा, काही यंत्रांवर त्यामुळे आकडे फसवे येतात. आणि त्या सकाळी थायरॉइडची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या.