मुंबईतलं सर्वात जुनं स्टेशन सीएसएमटीच ना? आणि भायखळ्यासारख्या जुन्या स्टेशनांना ऑइल पेंट फासून विद्रूप कोणी केलं?

कोणी केलं? माझ्या वडिलांनी.

पहिला भाग आधी उरकतो. सीएसएमटी नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा सीएसएमटीच्या, वास्तुविशारद स्टीव्हन्सच्या त्या इमारतीचा पत्ताही नव्हता, तिचं बांधकाम 1878 ला सुरू झालं. भायखळ्याला तेव्हा लाकडी स्टेशन होतं, आजची दगडी इमारत 1857 ची.

आता रंगाचं. अण्णा ठेकेदाराकडे रोजंदारीवर पेंटर होते. भायखळ्याचं काम शेवटची लोकल गेली की सुरू, पहिली यायच्या आत शिडी बाजूला. सकाळी मोरीत रॉकेलचा बोळा घेऊन हात चोळत बसायचे, तरी नखांच्या कडेला राखाडी उरायचाच. त्यांनी एकदा मला भिंत दाखवली होती. दगडावर टाकीचे घाव असतात, त्यांच्यात ब्रश शिरत नाही. म्हणून अण्णा बोटाला चिंधी गुंडाळून एकेक घाव रंगाने भरायचे. घाईचं काम नव्हतं ते!

2022 ला डागडुजी पूर्ण झाली, युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. रंगाचे थर उतरवून दगड मोकळा केला. आमचे भावजी सिव्हिल इंजिनियर. पुतणीच्या साखरपुड्यात, चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "तुमच्या अण्णांनी फासलेलं खरवडायला लोकांना वर्षं लागली." अण्णा समोरच बसले होते. काही बोलले नाहीत, जिलेबीचं ताट तेवढं बाजूला सरकवलं.

विद्रूप वगैरे शब्द वापरण्याआधी हे विचारा की रंगाचा डबा कोणाच्या सहीने यायचा. पेंटर शेड निवडत नाही.

हां, भावजींचं एक खरं आहे. ऑइल पेंटखाली ओल कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. तो काढला हे बरंच झालं, स्टेशन आता देखणं दिसतं. पण बिडाच्या खांबांचं काय? त्यांना रंग लावू नका, दोन पावसाळे थांबा, आणि मग बोला.

बघायला जाणार असाल तर दुपारी जा, सकाळी भाजीवाल्यांच्या पाट्यांतून वाट मिळत नाही. पूर्वेला राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तेही उरकून घ्या.

भावजी, हे वाचत असाल तर एकदा अण्णांना घेऊन जाऊ. प्लॅटफॉर्म तिकिटं माझ्याकडून.